भाचीवर ओरडणार कोण

मामाचं उष्टं ताट मी आजवर उचललेलं नाही. उचलायला गेले असते तर घरात रडारड झाली असती. आमच्या भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीत भाचीचा मान मोठा. मामाचे केस पिकलेले असोत आणि भाची दुपट्यात गुंडाळलेली असो, पाया पडायचं ते मामानेच. भाचीकडे पाणी मागायचं नाही, तिच्यावर आवाज चढवायचा नाही, आणि चुकून तिला पाय लागलाच तर तिथल्या तिथे वाकून पायाला हात लावायचा. पुढे नोकरीत पुण्या-साताऱ्याकडच्या मैत्रिणी भेटल्या, त्यांना हे सांगितलं की त्या तोंडावर हात ठेवून हसायच्या. त्यांच्याकडे भाचीच मामाच्या पाया पडते. सणावाराला एक मोठा माणूस आपल्यापुढे वाकतो म्हटल्यावर पोर शेफारणारच, आणि मीही थोडीफार शेफारलेच होते. हाच मान एक दिवस माझ्या आड येईल, हे मात्र घरातल्या कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

सुधाकर मामा आईचा पाठचा भाऊ. आमच्या गावच्या शाळेत त्याला खेळाच्या मास्तरची नोकरी लागली आणि तो आमच्याच गल्लीच्या टोकाला खोली घेऊन राहिला. जेवायला मात्र दोन्ही वेळा आमच्याकडे. लाखनीहून फाट्यावर उतरून थोडं आत चाललं की आमचं गाव. हमरस्त्यावरच्या ट्रकांचे भोंगे घरात ऐकू यायचे, आणि हंगामात राईस मिलची घरघर सकाळपासून सुरू व्हायची. मामा पाटावर बसला की आई भात वाढायची, त्यावर लाखोळीच्या डाळीचं वरण, बाजूला अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी. तो खाली मान घालून जेवायचा, मग आपलं ताट आपणच न्हाणीत नेऊन घासायचा, म्हणजे ते माझ्या हाती लागायला नको. घरात आईला तो 'बाई' म्हणायचा आणि मला 'माय'. माझं नाव रेखा आहे हे त्याला हजेरीपटापुरतंच ठाऊक होतं असं आई चेष्टेने म्हणायची. शाळेतही तो मला 'माय'च म्हणायचा, आणि पोरी फिदीफिदी हसायच्या.

शाळेमागे बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान होतं. गावाने श्रमदान करून ते बांधलं होतं, आणि एवढी मोठी सपाट सिमेंटची जागा गावात दुसरी नव्हती. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास हलका, लवकर येणारा धान कापून-मळून झाला की तो वाळायला मैदानावर यायचा. हेडमास्तरांची नाही म्हणायची सोय नव्हती, कारण ज्यांनी घमेली वाहिली त्यांचाच तो धान. अर्ध्या मैदानावर पिवळा धान पसरलेला, त्यात काठी घेऊन चिमण्या हाकणारी एक म्हातारी, आणि उरलेल्या अर्ध्यात आम्ही पोरी. चेंडू धानात गेला की म्हातारी तो मांडीखाली घ्यायची आणि विस्कटलेला धान सारखा करून दिल्याशिवाय परत द्यायची नाही. जिल्ह्याच्या स्पर्धा नेमक्या त्याच दिवसांत असायच्या. म्हणजे स्पर्धेच्या तोंडावर आमचा सराव एकाच बास्केटवर. बास्केट मारण्यात आम्ही तरबेज होतो. मारून झाल्यावर उलट पावली आपल्या बाजूला पळत जायचं असतं, ते कळत होतं, पण पळणार कुठे? धानात?

मामा मास्तर म्हणून कडक होता. पुष्पा नावाची आमची सगळ्यात चांगली खेळाडू, तिला तो खांद्याने रेटायचा, अंगावर जोरात चेंडू फेकायचा, चुकली की गावाच्या पलीकडे ऐकू जाईल असा ओरडायचा. "पुष्पे, झोपली काय वो? हात वर कर." पुष्पा रडायची, दात-ओठ खायची आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा बरी खेळायची. माझी पाळी आली की हाच माणूस चार हात लांब उभा राहायचा. चेंडू फेकायचा नाही, हातात आणून द्यायचा. मी चुकले तर डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, "माय, असं नाही... बरं, असू दे." मी लांबून बास्केट मारण्यात पुष्पाच्याही वरचढ होते, हे मी फुशारकीने म्हणत नाही, पुष्पाही म्हणायची. पण सामना आला की मामा मला बाकावर बसवायचा. शेवटची दोन-चार मिनिटं, जिंकणं-हरणं ठरून गेल्यावर, "जा माय, जरा पाय मोकळे करून ये" म्हणून आत पाठवायचा. लोक म्हणायचे, सुधाकर सर सच्चे, सख्ख्या भाचीला बसवतात. मलाही तसंच वाटायचं. लोकांच्या तोंडाला भिऊन मामा माझा बळी देतो, असं मी मनात धरून बसले होते आणि त्याच्यावर आतल्या आत धुमसत होते.

एकदा लाखनीच्या सामन्याला बाबा आले. बाबांचं आणि खेळाचं काही देणंघेणं नव्हतं. खत आणायला आले होते, पाहू तरी म्हणून मैदानाच्या कडेला उभे राहिले. मी सामनाभर बाकावर होते. पोरी धापा टाकत यायच्या, मी त्यांना टॉवेल द्यायची, पाणी द्यायची. बाबा खत घेऊन निघून गेले. संध्याकाळी जेवताना, मामा समोर असताना, त्यांनी भात कालवत कालवत म्हटलं, "पोट्टी टावेल सांभाळाले जाते हे मले मालूम नव्हतं. बसाचंच आहे त घरी बस म्हणा. कापणीले माणूस भेटून नाही राहिला." मग आईकडे बघून म्हणाले, "भंडाऱ्याले जाऊ दे एकदा. तिथंबी बसलीच, त पुढच्या सालापासून बंद." बाबा रागाने बोलले असते तर मी भांडले असते. ते नुसतं हिशोबाचं बोलले, आणि कापणीच्या दिवसांत घरातलं एक माणूस बाकावर बसायला पाठवणं कोणत्याही शेतकऱ्याला परवडणारं नाही, हे मलाही कळत होतं. भंडाऱ्याच्या जिल्हा-सामन्याला विभागाच्या संघासाठी पोरी निवडणारी माणसं येणार होती. मैदानात उतरलेच नाही, तर ती मला बघणार कशी?

बाबा हात धुवायला उठले तसा आईने भावाला धारेवर धरलं. "काय गा सुधाकर, माही पोरगी एवढी वाईट खेळते काय? लोकाईले काहून भेते तू?"

मामाने ताटातला भात बोटाने इकडून तिकडे केला. "लोकाईले भेत नाही मी, बाई."

"मंग?"

"तिले मी अर्धीच शिकवली." तो माझ्याकडे बघत नव्हता. "बाकीच्या पोरीईले धक्का द्याले शिकवलं, धक्का खाले शिकवलं. ते अंगाले अंग लावल्याबिगर येत नाही. ओरडल्याबिगर येत नाही. भाचीले कसा धक्का देऊ? उतरवली त एखादी आडदांड पोट्टी तिले लोळवल, अन् ते मी पाहत बसू काय?"

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. मी लाजेने लाल झाले, आणि रागानेही. वर्षभर मी ज्याला भित्रा समजत होते, तो भीत होता हे खरंच, पण लोकांना नव्हे. माझ्या पायांना भीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सराव चालू असताना आई मैदानावर आली. शेतावर, धानाच्या बांधीत निघालेली, लुगड्याचा ओचा वर खोचलेला, हातात विळा. विळा तिने धान राखणाऱ्या म्हातारीपाशी ठेवला आणि सरळ बास्केटखाली येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुले धक्का देता येत नाही ना? मले येते. सांग कसा द्याचा." पोरी तोंडात ओढण्या कोंबून हसायला लागल्या. मामा गोरामोरा झाला. "बाई, तू घरी जा ना," तो हळूच म्हणाला. पण आई हलली नाही. आता मोठी बहीण म्हणजेही आईच्याच जागी. तिच्यावर तरी तो कसा ओरडणार? शेवटी त्याने पाहुण्याला आग्रह करावा तशा आवाजात सुरुवात केली. "बाई, जरा हात वर करशील का? हो, असे. पाय थोडे फाकव. आता माय आली का खांदा लाव." मी ड्रिबल करत गेले आणि धानाचे भारे वाहिलेला तो खांदा माझ्या छातीवर असा बसला की मी जाऊन धानात पडले. म्हातारीने कलकलाट केला. आई वर उभी राहून म्हणाली, "उठ. तुह्या मामाले म्हणता येत नाही म्हणून मी म्हणून राहिली. उठ लवकर, मले बांधीत जाचं आहे."

भंडाऱ्याला जाईपर्यंत रोज सकाळी आई आली. मला दुखायचं, रडू यायचं, आणि आज कबूल करायला हरकत नाही, मजाही यायची. आईबरोबर मी त्याआधी कधी खेळले नव्हते. तिला धक्क्याची गोडी लागली होती. मी डावीकडून गेले तर डावीकडे, उजवीकडून गेले तर उजवीकडे, ती हजर असायची. मामा लांबून सांगायचा, "बाई, आता जरा हळू." थोड्याच दिवसांत मी धक्का खाऊनही चेंडू सोडेनाशी झाले. फक्त एक गोष्ट राहून गेली. आई बास्केटखाली पहाडासारखी उभी राहायची, पण लुगड्यात तिला मैदानभर पळता येत नव्हतं, आणि पळायला मैदानही नव्हतं. बास्केट झाली की मी तिथेच उभी राहून आईकडे बघून हसायची, आणि ती पदराने घाम पुसायची.

भंडाऱ्याला आम्ही एसटीने गेलो. आईने पळसाच्या पानात तांदळाच्या रोट्या बांधून दिल्या होत्या. निघताना मामाने फाट्यावर सगळ्यांसमोर माझ्या पायाला हात लावला, तो काही खेळासाठी नव्हे, प्रवासाला निघताना लावायचा म्हणून. बसमध्ये तो माझ्या पुढच्या सीटवर होता. मागे न वळता म्हणाला, "माय आज सुरुवातीपासून खेळल." रोटीचा तुकडा तोंडात होता तो मी खिडकीतून टाकून दिला.

सुरुवात चांगली झाली. समोरच्या संघातल्या धिप्पाड पोरीने मला दोनदा रेटलं आणि मी हलले नाही, आईच्या मानाने ती पोरगी काहीच नव्हती. माझ्या बास्केट पडत होत्या. कडेच्या टेबलामागे निवड करणारे दोघे बसले होते, त्यातल्या एकाने माझ्याकडे बोट दाखवून शेजारच्याला काही विचारलेलं मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. मग समोरच्या पोरींना आमची खोड सापडली. मी बास्केट मारून जागच्या जागी उभी राहायची, आणि त्यांची एक उंच, सडपातळ पोरगी माझ्या बाजूने मोकळी सुटून आमच्या बास्केटखाली जायची. मागे पळायला हवं होतं. माझ्या पायांना मागे पळणं माहीत नव्हतं, मागे म्हणजे धान.

मामाला ते पहिल्याच वेळी दिसलं. तो उठला, तोंड उघडलं, आणि मिटलं. मग त्याने पुष्पाला हाक मारली. "पुष्पे, तिले सांग, मांग पळ म्हणा." पुष्पा चेंडूच्या मागे होती, ती माझ्यापर्यंत येऊन सांगेस्तोवर उंच पोरगी पुन्हा जाऊन बास्केट मारून आली. पुन्हा तेच. "पुष्पे, तिले सांग." त्या निरोपानिरोपीत आम्ही मागे पडलो. मी बाकाकडे पाहिलं तर मामा दोन्ही हातांनी टॉवेल पिळत होता. कोरडा टॉवेल.

आणि मग तो ओरडला. "रेखे, मांग पळ. डोळे फुटले काय तुहे? मांग पळ, रेखे."

त्याच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. कोणी पाठीत रट्टा घालावा तशी मी पळत सुटले. त्यानंतर ती उंच पोरगी माझ्या बाजूने एकदाही मोकळी सुटली नाही. तो ओरडत राहिला आणि मी पळत राहिले, आणि खरं सांगते, इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. पुष्पावर ओरडायचा तसा तो माझ्यावर ओरडत होता. मी खेळाडू झाले होते. सामना आम्ही एका बास्केटने हरलो.

शिट्टी झाली. मी धापा टाकत बाकाकडे आले. मामाने पायातले बूट काढले, सगळ्या मैदानासमोर गुडघे टेकले आणि माझ्या दोन्ही पायांना हात लावून कपाळाला लावला. आमच्या पोरींना त्यात काही नवल नव्हतं. पण आजूबाजूच्या गर्दीत नागपूरकडची शहरी माणसंही होती. कोणीतरी हसलं, मग पुष्कळ जण हसले. "अरे देखो, कोच खिलाड़ी के पैर पड़ रहा है." टेबलामागचा एक जण उठून आला आणि त्याने मामाला विचारलं, "कोण लागते ही तुमची?" मामा उठून उभा राहिला. "भाची होय," तो म्हणाला. त्या माणसाने मान हलवली आणि जाऊन आपल्या सोबत्याच्या कानाशी लागला.

संध्याकाळी नावं वाचून दाखवली. पुष्पाचं होतं, माझं नव्हतं. कारण काय ते मला आजही माहीत नाही. भाची म्हणून नाव गाळलं असेल, किंवा मागे न पळणारी पोरगी त्यांना नको असेल. गावात पहिलंच कारण पसरलं, कारण ते सांगायला जास्त चवदार होतं. बाबांनी मात्र घरी आल्यावर एवढंच विचारलं, "खेळली ना?" मी म्हटलं, खेळले, पूर्ण वेळ. "मंग ठीक आहे," म्हणून ते बैलांकडे गेले. माझा पुढच्या सालचा खेळ त्या तीन शब्दांत पक्का झाला. मला वाटलं, सगळं निभावलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मामाने संघ सोडला होता. हेडमास्तरांकडे जाऊन त्याने स्वतःच सांगितलं, मला पाचवी-सहावीची कवायत द्या, बास्केटबॉलला दुसरा मास्तर बघा. आई त्याच्यासमोर ताट ठेवून रडली. म्हणाली, "मी तिले खेळव म्हटलं होतं गा, सोडून दे नाही म्हटलं." मामा म्हणाला, "तिले खेळवाचं त ओरडाच लागते, बाई. एक डाव ओरडलो, आठ दिवस झोप नाही लागली. तिले आता ओरडणारा पाहिजे." आई म्हणाली, मग आपण तिलाच थांबवू. तेव्हा तो ताटावरून तसाच उठला. भात तसाच राहिला, आणि ते ताट त्या दिवशी कोणी उचलायचं यावरून मी आणि आई बराच वेळ एकमेकींकडे बघत राहिलो. शेवटी आईनेच उचललं.

नवीन मास्तर तरुण होता, गळ्यात शिट्टी अडकवलेला. तो सगळ्यांवर सारखाच ओरडायचा. त्याने मला मैदानभर पळवलं, धानाची अडचण त्याने म्हातारीशी भांडून मिटवली, आणि पुढच्या साली विभागाच्या संघात माझं नाव आलं. पुढचं कॉलेज, नोकरी, सगळं त्या खेळावरच मिळालं. मामाने उभ्या केलेल्या संघातून मी खेळले, आणि मामा शाळेच्या दुसऱ्या बाजूला लहान पोरांना 'एक-दोन, एक-दोन' करायला लावत राहिला. मी मैदानात असले की तो तिकडे फिरकायचा नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "आलो त तोंडातून निघल, माय." मला त्याचं वाईट वाटायचं आणि रागही यायचा. तो मान त्याने एकदा, एकदाच, बाजूला ठेवला असता तर काय बिघडलं असतं, असं मला अजूनही वाटतं. आणि त्याच वेळी हेही कळतं की त्याने तो ठेवलाच होता, आणि ते त्याला झेपलं नाही.

आता मी निवृत्त होऊन भंडाऱ्यातच राहते. आई-बाबा गेले. मामा गावीच आहे, मुलाकडे. गुडघे पार गेलेत, वाकता येत नाही. पण पायाला हात लावल्याशिवाय भाचीला दारातून परत जाऊ दिलं तर त्याला जेवण जात नाही. मग आम्ही एक युक्ती काढली आहे. त्याच्या सुनेने ओसरीवर एक स्टूल ठेवलेलं असतं. माझ्या वयाची बाई त्या स्टुलावर चढून उभी राहते, मामा खुर्चीत बसल्या बसल्या हात लांबवतो आणि त्याचे हात माझ्या पायाला पोचतात. येणारे-जाणारे बघून हसतात.

मागच्या खेपेला असाच हात लावून झाल्यावर त्याने माझे पाय सोडले नाहीत. तसाच धरून बसला. मग म्हणाला, "माय, तू तवा उशिरा मांग आली."

कधीची गोष्ट, ते मला विचारावं लागलं नाही. एवढ्या वर्षांत त्याने माझी काढलेली ही पहिली चूक. मी स्टुलावरूनच म्हटलं, "तुमी उशिरा ओरडले, मामा."

रस्त्यावरून ट्रक गेला, सून दारात येऊन उभी राहिली. मग त्याने मान हलवली.

"हो," तो म्हणाला. "एक बास्केट माहीच होती." मग त्याने पाय सोडले आणि आधाराला हात वर केला. "हळू उतर, रेखे."